शाळा मी स्वतः पाहून आलो

सोनाळ्याहून निंगालो त्या दिवशी टेम्पोत सामान कमी अन् भवताल सल्ला देनारे जास्त होते. लेकाले चिखलीत अडत दुकानावर काम लागलं होतं. "आता नातीले चांगल्या शाळेत टाकजा," जो तो म्हने. म्हंजे आपली गावची शाळा वाईट? मी तिथंच तिसरीपर्यंत शिकलो. उत्तर द्यायचं होतं, पण टेम्पो सुटला. ते उत्तर आता लिहितो. गावात राह्यले त्यायनं वाचावं, अन् माह्यासारखे निंगून गेले त्यायनंही.

इथं आमच्या गल्लीतले सारे पोट्टे पिवळ्या व्हॅनमधी इंग्रजी शाळेत जातात. नात चिमी पहिलीत जानार होती. मी म्हटलं, ती सरकारी शाळेतच जाईन. सूनबाई म्हने, "मामाजी, तुमची तिसरी झाली. तुमाले शाळेतलं काय समजते?"

"पाहून येतो, मंग सांगतो."

जवळपास नगरपालिकेच्या दोन शाळा. पहिलीच्या भिंती रंगवलेल्या, मोठा टीव्ही, वरून झाकन टाकलेलं. खिचडीची वेळ होती. आपल्या गावात म्हातारे शाळेत जाऊन पोट्ट्यांच्या पंगतीत बसतात, चव पाह्यतात. मी तसाच बसलो. गुरुजी धावत आले. "बाबा, उठा. असं नाही चालत इथं. बाहेर थांबा." शिकवत चांगलंच असतील, नाही म्हनत नाही. पण मी उठलो तो परत गेलो नाही.

दुसरी शाळा बाजाराच्या मांगं. पत्रे जुने, गोंगाट भारी. तिथंही पंगतीत बसलो, खोड जात नाही. पोट्टे सरकले. खिचडीवाल्या बाईनं ताट ठेवलं. मॅडम आल्या, म्हटलं आता उठवते. त्या म्हने, "काका, मीठ बरोबर आहे काय?"

"कमी आहे."

"ऐका व बाई! मी काय सांगत होती?" मॅडम खिचडीवालीकडे वळल्या.

जेवल्यावर एका पोट्टीले म्हटलं, वाच बरं पुस्तक. तिनं धडाधडा वाचलं अन् पुस्तक मलेच देलं, "आता तुमी." मी एका जोडाक्षरावर अडकलो. ती हासली नाही. अक्षराखाली बोट ठेवून थांबली, मले जमेपर्यंत. असं थांबनं तिले कोनीतरी शिकवलं असन ना?

घरी सांगितलं तर सूनबाई म्हने, "खिचडी खाऊन शाळा ठरवता काय?"

"हाव. तू व्हॅनचा रंग पाहून ठरवते."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन आली. अन् चिमीचं नाव त्या पत्र्याच्या शाळेतच टाकलं. शेजारची बाई अजून तोंड वाकडं करते. करू द्या.

बाजारात कोनी घर कुठं म्हनून पुसलं तर पहिले मी सोनाळा सांगायचो. परवा एकानं पुसलं अन् तोंडातून निंगालं, "नगरपालिकेची शाळा नाही काय, पत्र्याची? तिच्या पुढच्या गल्लीत." गावचे लोक म्हनतीन, म्हातारा फिरला. फिरलो नाही. घर वाढलं माह्यं.