टाळीमावशीचा हात

आमच्या स्टुडिओत सगळे तिला टाळीमावशी म्हणायचे. गप्पांच्या कार्यक्रमाला प्रेक्षक जमवायचे, खुर्च्यांवर बसवायचे, खोकले आधीच उरकून घ्यायला लावायचे आणि पहिल्या रांगेच्या कडेला उभं राहून टाळीसाठी हात वर करायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. नियम एकच: स्वतःला हसू आल्याशिवाय हात वर जायचा नाही. मी साऊंडवाला. प्रेक्षकांचा माईक माझ्या कानात असतो, म्हणून सांगतो, तिच्या हातावर वाजलेली टाळी कधी खोटी ऐकू आली नाही.

मग वरच्यांनी परदेशातून मुलाखतकार आणला. तिकडे म्हणे फार गाजलेला. आमची भाषा घोटून घोटून शिकला होता. आमच्या निर्मात्यापेक्षा शुद्ध बोलायचा. सूट झकास, दात त्याहून झकास. पण चार भाग झाले तरी माझ्या कानात नुसती खुर्च्यांची करकर.

निर्मात्याने खापर मावशीवर फोडलं. "प्रेक्षक थंड आहेत तुमचे. उद्या प्रत्येक विनोदाला हात वर दिसला पाहिजे, नाहीतर परवापासून येऊ नका."

"विनोद झाला तर करीन की."

"हट्ट करू नका, मावशी."

"हट्ट कसला? घरोघर फिरून माणसं मी आणते. खोट्या टाळ्या वाजवून घेतल्या तर पुन्हा कोणत्या तोंडाने बोलावू?"

मला तिचा रागच आला. घरी अंथरुणाला खिळलेली बहीण, घर हिच्या एकटीच्या नोकरीवर. एक हात वर करायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त बसचालक पाहुणा होता. मुलाखतकाराने विचारलं, "कधी गाडी सोडून पळून जावंसं वाटलं?" चालक गप्प झाला. माझ्या कानातली करकर थांबली. सगळे पुढे झुकले होते. तेवढ्यात आमचा शहाणा म्हणाला, "मला तर रोज वाटतं!" आणि स्वतःच खो-खो हसला. काचेमागून निर्माता मावशीला खुणा करू लागला.

मावशीचा हात वर गेला. म्हटलं, आली ताळ्यावर. पण तिने बोट ओठांवर ठेवलं आणि थेट मुलाखतकाराकडे बघितलं. तो दचकून खरंच गप्प झाला.

"एकदा वाटलं," चालक सावकाश म्हणाला. "बायको इस्पितळात होती. निरोप आला तेव्हा गाडीत चाळीस माणसं. शेवटपर्यंत नेली. एकही थांबा चुकवला नाही. पोचलो तेव्हा ती गेली होती."

मग मागून एक टाळी आली, मग सगळ्यांच्या. मावशीच्या हातांची घडी होती.

चहाच्या खोलीत मुलाखतकाराने तिला गाठलं. "मावशी, मी प्रेक्षकांना का आवडत नाही? खरं सांगा."

मावशीने तोंड उघडलं.

"उच्चार ना? वाटलंच मला. की कपडे?"

"अहो, तुम्ही विचारलंत ना? मग मला बोलू तरी द्या."

"समजलं, समजलं!" म्हणत तो गेलासुद्धा.

प्रसारणात निर्मात्याच्या हुकमाने चालकाचं ते गप्प बसणं कापलं गेलं आणि मुलाखतकाराच्या विनोदावर जुनं साठवलेलं हसू चिकटवलं गेलं. चिकटवलं मीच, लपवू कशाला? तरी कार्यक्रम दोन आठवड्यांत बंद पडला. माणसं जमवणारं दुसरं कुणी मिळेना, म्हणून मावशी तोवर टिकली होती. निर्मात्याने मला साक्षीला धरून आम्हा दोघांना खोलीत बोलावून मावशीपुढे कागद सरकवला: प्रेक्षक थंड होते, म्हणून कार्यक्रम चालला नाही. "सही करा, नोकरी राहील."

मावशीने कागद परत सरकवला. "माझी माणसं थंड नाहीत. याला विचारा, याने ऐकलंय."

निर्माता माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मला स्वतःची लाज वाटली. न कापलेला भाग मी जपून ठेवला होता. तो तिथेच लावला. आता दोघांचीही नोकरी जाणार हे मला कळत होतं. चालक गप्प झाला, खुर्च्यांची करकर थांबली, आणि निर्माता काहीतरी बोलायला गेला.

मावशीने बोट ओठांवर ठेवलं.