पोटुशी बाईनं मयताला जाऊ नये

माझ्या धाकट्या जावेला मराठी येत नव्हती आणि सासूबाईंना मराठीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तरीही माझ्या बाळंतपणाच्या बाबतीत त्या दोघींचं पहिल्या आठवड्यातच एकमत झालं.

जाऊ फिलिपिन्सची. माझा दीर दुबईत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, ती तिथेच नर्स होती. तिची जुनी नोकरी संपली होती आणि नवीन नोकरीचे कागद यायला वेळ होता, म्हणून पाच-सहा महिने ती आमच्याकडे कराडजवळच्या मलकापूरला राहायला आली. मला तेव्हा चौथा महिना लागला होता. तिच्या येण्याकडे मी डोळे लावून बसले होते, कारण त्याआधी माझं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि या वेळी सासूबाई मला क्षणभर मोकळं सोडत नव्हत्या. पपई नको, तिन्हीसांजेला अंगणात नको, केस मोकळे नको. मी स्वतः औषधांच्या दुकानात काम करते, फार्मसी शिकलेली आहे. नर्स घरात येतेय म्हणजे माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी येतंय, असा माझा हिशेब होता.

ती आली त्याच संध्याकाळी मी वाऱ्याला म्हणून उंबऱ्यावर बसले. सासूबाई ओरडायच्या आत आतून जाऊ धावत आली. "आते, नो! इधर नहीं बैठना!" तिनं मला दंडाला धरून उठवलं. उंबऱ्यावर बसलं की बाळ बाहेर येताना दारातच अडकतं, असं तिनं हातवारे करून सांगितलं. मी सासूबाईंना त्याचा अर्थ सांगितला, तशी त्यांनी या सुनेकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"बघ. समिंदराच्या पल्याडबी हाय हे. आन तुला इथं ऱ्हाऊन पटत न्हाई."

मग त्यांनी हळूच विचारलं, "पर ती तुला आत्या का म्हणती गं?" 'आते' म्हणजे तिच्या भाषेत मोठी बहीण, हे मला तरी कुठे माहीत होतं!

त्यानंतर दोघींची गाडी सुसाट सुटली. जुळं केळं दोघींनाही वर्ज्य. ग्रहण दोघींनाही वर्ज्य. जावेकडचं एक जास्तीचं होतं : गळ्यात काही घालायचं नाही, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते. यावर सासूबाई म्हणाल्या की मंगळसूत्र काही निघणार नाही, आणि दोघींनी मिळून माझी ओढणी तेवढी बंद केली. तिच्या गावाकडे एक भूत असतं, ते छपरावर बसून दोऱ्यासारखी बारीक जीभ खाली सोडतं आणि पोटातलं बाळ शोषून घेतं. हे ऐकल्यावर सासूबाईंनी काहीही न विचारता माझ्या खिडकीत मीठ आणि लसूण ठेवला. आमच्या घराला स्लॅब आहे, हे मी सांगून पाहिलं.

एकदा तर मी स्वतःच त्यात सापडले. ओकाऱ्या काही केल्या थांबत नव्हत्या. जाऊ म्हणाली, नवरा झोपलेला असताना त्याला ओलांडून जा, तुझा सगळा त्रास त्याच्याकडे जातो. रविवारी दुपारी नवरा जेवून खाली सतरंजीवर झोपला होता. इकडेतिकडे बघून मी साडी वर धरली आणि त्याला ओलांडलं. दारात सासूबाई उभ्या.

"नवऱ्याला वलांडलंस?"

त्या दिवशी दोघी सुनांना दम मिळाला. नवऱ्याला मात्र संध्याकाळी खरंच मळमळायला लागलं. त्यानं दुपारी वांग्याची भाजी फार खाल्ली होती.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, पण माझ्या आत एक गोष्ट हसण्यावारी जात नव्हती. माझे वडील, अण्णा, कोरेगावात शिंपीकाम करायचे. पहिल्या खेपेला त्यांनी चौथ्या महिन्यातच पाच झबली शिवून ठेवली होती. बाळ यायच्या आधी कपडे शिवू नयेत, असं आईनं त्यांना सांगितलं होतं आणि ते हसले होते. पुढच्या महिन्यात बाळ गेलं. आईच्या तोंडून एकदाच निघून गेलं, "सांगत होते मी." त्यानंतर अण्णांनी लहान मुलांचं कापड हातात घेतलं नाही. गिऱ्हाईक आलं की शेजारच्या दुकानात पाठवायचे.

खरं कारण मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. गर्भपिशवीचं तोंड कमकुवत होतं, म्हणून तर या वेळी तिथे टाका घातला होता. अण्णांना एवढं एक वाक्य सांगायचं होतं. पण लेकीनं वडिलांशी हे कसं बोलायचं? फोनवर ते विचारायचे, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "व्हय." ते म्हणायचे, "बरं." एवढ्यावरच आमचा फोन संपायचा. फोन ठेवला की मी घरभर फिरत राहायचे. पुढच्या वेळी सांगू, समोर भेटल्यावर सांगू, असं मनात घोळवत सातवा महिना उजाडला.

एका सकाळी नवऱ्याला माझ्या आईचा फोन आला. अण्णा चहा पिऊन जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. तीन वाजता नेणार होते.

मी पर्स उचलली. सासूबाई दारात आडव्या आल्या.

"तू जाऊ नगंस. पोटुशी बाईनं मयत बघू न्हाई. हा जाऊन यील."

"माझे वडील आहेत ते."

"म्हाईत हाय मला. त्येंचा जीव गेलाय, आता ह्येचा सांभाळायचा." त्यांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. नवरा खाली बघत गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला. मी जावेकडे बघितलं, तर तिनंही मान हलवली. त्यांच्याकडेही हेच होतं.

मी खोलीत गेले. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. कपाट उघडलं, बंद केलं. खिडकीपासून दारापर्यंत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. घड्याळात साडेदहा झाले होते. मसूर, रहिमतपूर करत कोरेगावला पोचायला दीड तास तर लागणारच होता.

थोड्या वेळानं जाऊ आत आली. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत ती म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते. मला फोनवर दाखवली. शवपेटी, फुलं, सगळं दाखवलं. फोनवर माणूस मरत नाही, आते. मला अजून वाटतं ती घरी भात शिजवतेय."

मग ती एकदम उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती सासूबाईंसमोर उभी राहून भराभरा बोलत होती आणि नवरा मराठीत सांगत होता. तिच्याकडे मयताहून कुणी सरळ घरी येत नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं-प्यायचं, अंगावरचं झटकायचं. जे मागे लागलेलं असतं ते तिथेच राहतं, त्याला घराची वाट सापडत नाही.

"पोटुशीलाबी चालतं का त्ये?" सासूबाईंनी विचारलं.

जाऊ क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "हां. चलता है." ती खोटं बोलत होती, हे मला तेव्हाच कळलं.

सासूबाई आत गेल्या. त्यांनी लसणाच्या पाकळ्या आणि मीठ आणलं, माझ्या पदराला गाठ मारून बांधलं. "हिला आन धाकटीलाबी संगं ने," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन येताना थांबल्याबिगर यायचं न्हाई."

कोरेगावला दारात बायकांनी मला अडवलं. "अगं बाई, तू कशाला आलीस? भायेरच थांब." आतून आईचा आवाज आला, "येऊ द्या तिला."

अण्णांना भिंतीशी ठेवलं होतं. मी जमिनीवर बसू शकत नव्हते, जावेनं काखेत हात घालून मला टेकवलं. उजव्या हाताचं बोट सुई टोचून टोचून कडक झालेलं होतं, ते मी धरलं. मग कानाशी वाकून म्हटलं, "अण्णा, ते झबल्यांमुळं नव्हतं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीच सांगायची राहिले." शेजारी बसलेल्या माझ्या मावशीला वाटलं मला भ्रम झाला. तिनं मला मागे ओढलं. तोवर माझं सांगून झालं होतं. हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. तोंडातून शब्द गेले आणि ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच.

परत येताना रहिमतपूरच्या पुढे एका रसवंतीवर थांबलो. जावेनं खाली उतरून दोन्ही हातांनी अंग झटकलं, मग माझं, मग नवऱ्याचं. रस पिणारी माणसं आमच्याकडे बघत होती. नवऱ्यानंही मुकाट्यानं झटकून घेतलं. मला खुर्चीत बसवेना. मी ग्लास घेऊन चरकापासून रस्त्यापर्यंत आणि परत चालत राहिले. "मागे बघू नको," ती म्हणाली. मी दोनदा बघितलं.

तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल कमी झाली.

मी कुणाला सांगितलं नाही. दुपारी जावेनंच ओळखलं. तिनं मला डाव्या कुशीवर निजवलं, साखरेचं पाणी दिलं आणि पोटावर हात ठेवून घड्याळ बघत बसली. तासाभरानं उठली आणि म्हणाली, "हॉस्पिटल. अभी." त्या तासात ती फक्त नर्स होती.

सासूबाई गाडीपर्यंत आल्या आणि तिला म्हणाल्या, "तू म्हनलीस म्हणून धाडली मी." हे वाक्य कुणी तिला हिंदीत करून सांगितलं नाही. तरी तिला ते समजलं. कराडला पोचेपर्यंत ती काचेतून बाहेर बघत होती.

ठोके नीट होते. पोटातलं पाणी थोडं कमी झालं होतं. चार दिवस सलाईन लावून ठेवलं. निघताना डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "मयताला गेल्यामुळे असं होतं का हो?" त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. दुकानात रोज त्यांच्याच चिठ्ठ्यांवर मी औषधं देते. "सासूबाई विचारत होत्या," मी म्हणाले.

"नाही होत," त्या म्हणाल्या.

सासूबाई जावेशी मुलगी होईपर्यंत बोलल्या नाहीत. मुलगी थोडी आधी झाली, बारीक होती, पण ठणठणीत. जाऊ तिला घ्यायला पुढे झाली तेव्हा सासूबाईंनी तोंड उघडलं, "हिला सांग, हात धुऊन घे म्हणावं." कुणी हिंदीत सांगायची वाट न बघता जावेनं सरळ जाऊन हात धुतले. महिन्याभरात ती दुबईला गेली.

मागच्या वर्षी आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला सहावा महिना होता. आष्ट्याला तिचे सख्खे काका वारले. त्यांनीच तिला लहानाची मोठी केली होती. काउंटरवरच रडत तिनं मला विचारलं, "ताई, जाऊ का? घरचे नको म्हणतायत. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा."

माझ्या तोंडून निघालं, "नको जाऊस."

ती गेली नाही. तिला मुलगा झाला, छान आहे. ती अजूनही म्हणते, ताई, बरं झालं तुम्हाला विचारलं. मी गोळ्यांच्या स्ट्रिप्स मोजायला घेते. मोजून झाल्या की पुन्हा मोजते.