न झालेलं हस्तांदोलन

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिन्नरच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणिताच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो, तेव्हा बीएड होऊन मी दोन वर्षं घरीच होतो. इथेही नाही जमलं तर मामाच्या खताच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं. नाशिकहून एसटीत बसल्यापासून मी पाठाची उजळणी करत होतो.

समोर संस्थेचे पाच जण. पाठ घेऊन दाखवायचा होता. चार, तीन, दोन, एक यांची बेरीज पाच चोक वीसच्या निम्मी का, हे सूत्राशिवाय, नुसतं मोजून सिद्ध करतो, अशी ऐट मी केली.

"आपण पाचही जण एकमेकांशी एकेकदा हात मिळवा. पहिल्याचे चार, दुसऱ्याचे नवे तीन, मग दोन, मग एक. आता उलट मोजू. प्रत्येकाचे चार, म्हणजे वीस. पण प्रत्येक हस्तांदोलन दोघांच्या खात्यात आलं, म्हणून निम्मे, दहा. गोष्ट एकच, मोजायच्या रीती दोन. उत्तर सारखं यायलाच हवं!"

मंडळी उठली. मी फळ्यावर रेघा मारू लागलो. नवव्या रेघेनंतर हात थांबले. दोघे टोपीवाले एकमेकांकडे पाठ करून उभे.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "सर, हे चुलतभाऊ. बांधावरून कोर्टात आहेत. कित्येक वर्षं बोलत नाहीत."

खडू मोडला.

"नऊच झाले की," थोरला गुरगुरला. "तुमचं गणित चुकलं."

मला खताच्या गोण्यांचा वास येऊ लागला. घाबरलो की माझी जीभ डोक्याला विचारत नाही. "हात राहू द्या, नुसत्या जोड्या मोजू," मी बोलून गेलो. "बोला नाहीतर नका बोलू, तुमची जोडी धरावीच लागते. कोर्टात तरी एकट्याला कुठे भांडता येतं?"

आणि दहावी रेघ मारली. बोललो आणि मेलो.

थोरल्याने अध्यक्षांना विचारलं, "ह्यो नाशिकचा का? लय आगाऊ हाय."

धाकटाही अध्यक्षांनाच म्हणाला, "आगाऊ हायच. पण रेघ बरोबर मारली."

थोरल्याची मान किंचित हलली. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते माझ्या आगाऊपणावर.

अध्यक्ष म्हणाले, "सोमवारी रुजू व्हा."

तरी स्टँडपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. दहावी रेघ पुसायला परत बोलावतील, अशी धास्ती होती.