पांढऱ्याशेजारचं पांढरं

रिसोडच्या कापड दुकानात उभं राहून राहून माझे पाय कामातून गेले. लग्नसराईत आमच्या बौद्ध समाजाची माणसं पांढरी साडी घ्यायला येतात. आमच्यात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात उभे राहतात. मी आधी सायीच्या रंगाची एक साडी गादीवर पसरतो, मग तिच्यावर दुसरी टाकतो. दुसरी लखलखते. तिच्यात विशेष काही नसतं, खालची पिवळट असते एवढंच. डोळा कुठलाही रंग शेजाऱ्याला धरूनच पाहतो. चार दिवसांनी ती साडी नेलेली बाई तक्रार घेऊन येते, की नवरदेवाच्या कपड्यांजवळ साडी मळकी दिसते. "ताई, नजरेचा खेळ हाय," मी म्हणतो. किती वर्षं तेच वाक्य. आता बोलायचाही कंटाळा येतो.

यंदा माझ्याच मुलीचं लग्न निघालं. बायकोनं पेटीतून स्वतःच्या लग्नाची साडी काढली. पोरीनं हीच नेसायची, असं दोघींचं ठरलं. एरवी माझ्याकडे पाहून उसासेच टाकणारी बायको दोन दिवस हसतमुखानं घरात वावरत होती. मुलगी साडी घेऊन दारात, उन्हात आली.

"बाबा, खरं सांगा. पिवयी तं नाई दिसून राह्यली?"

साडी एकटी होती, म्हणून पांढरी दिसत होती. माझा नवा पांढरा सदरा खुंटीवरच होता. तो शेजारी धरला असता तर लगेच कळलं असतं. पण बायको मागे उभी होती. मी धरला नाही.

"पांढरी शुभ्र हाय, माय."

केनवडला, आमच्या घरापुढच्या मांडवात, ती नवऱ्याशेजारी उभी राहिली. त्याचे कपडे कोरे करकरीत. तिची साडी हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी दिसली. "जुनीच नेसवली वाटते," पुढच्या बायका कुजबुजल्या. पोरीनं आपला पदर पाहिला, नवऱ्याची बाही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

निघताना ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्याजवळ आली तेव्हा डोळे कोरडे होते.

"दुकानात लोकायले सांगता, तसंच मले सांगितलं ना?"

तुझ्या आईचं मन मोडवलं नाही, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तिची आई शेजारीच डोळे पुसत उभी होती. मी "हो" म्हणालो आणि पोरीची बॅग गाडीत ठेवली.