दाजींचा मतदारसंघ

माझे दाजी आमदार होते आणि मी त्यांचा पीए. मेहुण्याला नोकरीला ठेवलं म्हणून विरोधकांनी बोंब मारली, पण इतक्या कमी पगारात दुसरं कोण राबलं असतं? ताई म्हणायची, "एक माणूस राजकारणानं नेला होताच, आता माझा भाऊही नेला."

दाजी मूळचे वकील. सभागृहात क्वचितच बोलत, पण पाणीपुरवठ्यावर उठले की मंत्र्याला घाम फोडत. निवडून येण्याचं गमक मात्र निराळंच होतं. मतदारसंघात कुणीही वारलं की दाजी तिथे हजर. "लग्नाला नाही गेलं तर लोक रुसतात, मयताला नाही गेलं तर मत देत नाहीत," असं त्यांचं गणित. सकाळी पेपरातल्या निधनवार्ता मी वाचायच्या आणि गाडीत त्यांना गेलेल्याचं नाव आणि थोरला मुलगा कोण, एवढं सांगायचं. दाजी उतरून फुलं वाहत, मुलाचा हात दोन्ही हातांत घेत आणि म्हणत, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. काही लागलं तर निःसंकोच सांगा." मग नमस्कार करून ते वळेपर्यंत मी गाडीचं दार उघडून उभा. ढोंग नव्हतं ते. कधीकधी परतताना गाडीत त्यांचे डोळे भरून येत. पण सवय वाईट.

ताई गेली तेव्हा दाजी अधिवेशन सोडून आले. घर माणसांनी भरलं होतं. त्यांनी ताईच्या पायांशी फुलं ठेवली, माझ्या भाच्याचा, म्हणजे स्वतःच्या एकुलत्या एका मुलाचा, हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. काही लागलं तर निःसंकोच सांगा." नमस्कार केला आणि दाराकडे वळले. आणि मी तरी काय केलं? माझी सख्खी बहीण गेलेली, आणि मी बाहेर गाडीचं दार उघडून धरलं होतं. पायरीवर आल्यावर दाजींना उमगलं. ते तिथेच मटकन खाली बसले. तोवर भाचा आतल्या खोलीत निघून गेला होता.

पुढे त्यानं लांबच्या शहरात नोकरी धरली. फोन मला करायचा. "मामा, साहेब बरे आहेत ना?" असं विचारायचा. बापाला साहेब. दाजी मला विचारत, "त्याचा फोन आला होता?" मी म्हणायचो, "तुम्हीच करा ना." तर म्हणत, "काय बोलू?" हजारोंच्या सभा गाजवलेला माणूस. त्यांना मंत्रिपद नको होतं, पोरगं परत बोलायला हवं होतं. जवळून बघत होतो, म्हणून सांगतो.

मग दाजी निवडणुकीत पडले. बैठकीच्या खोलीत आधी बसायला जागा मिळत नसे, तिथे खुर्च्या एकावर एक रचून ठेवाव्या लागल्या. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय! तरी दाजी रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून टेबलाशी बसत. मी समोर बसायचो. एकच पेपर दोघांत वाटून वाचायचो.

एका रविवारी भाचा आला. न कळवता. भेटायला येणारी माणसं बसत त्याच खुर्चीवर बसला. दाजींनी चष्मा सारखा केला.

"बोल. काय काम काढलंस?"

"काही नाही, बाबा. सहज आलो."

बाबा म्हणाला तो. मला तर हायसं वाटलं.

"बदलीचं असेल तर सांग. अजून एक-दोन सचिव माझा शब्द मोडत नाहीत."

"बदली नकोय."

"मग कुणाची शिफारस हवी आहे का?"

भाच्यानं मी केलेला चहा संपवला. कप स्वतःच विसळून ठेवला आणि "येतो" म्हणून जिना उतरला.

दाजींनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "कशाला आला होता रे?"

"तुम्हाला भेटायला."

"ते कळलं. पण काम काय होतं?"

माझं डोकंच फिरलं. "काम नव्हतं, दाजी. तुमच्यासाठी आला होता तो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग त्याला थांबव ना," ते म्हणाले.

मी धावत रस्त्यावर आलो. त्याची गाडी केव्हाच निघून गेली होती, आणि वर खिडकीत दाजी उभे होते.