विजयाबाईंची मिटलेली मूठ

शहराच्या लष्कर भागात बातमी पसरली ती अशी: टोपी बाजारातल्या पगडीवाल्या विजयाबाई सुर्वे अणुबॉम्बच्या विरोधात उपोषणाला बसल्या आहेत. दूध डेअरीवर ती एवढीच होती. महाराज बाड्याच्या चौकापर्यंत पोचली तेव्हा बाईंनी पाणीसुद्धा सोडलं होतं, आणि मुरारच्या टेंपोत चढली तेव्हा कलेक्टरसाहेब हातात मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन समजूत घालायला येऊन गेले होते.

आता खरं काय ते ऐका. उपास होता, हे खरं. अणुबॉम्ब होता, हेही खरं. दोघांचा एकमेकांशी संबंधही होता. पण उपास होता श्रावणी सोमवारचा, आणि बॉम्ब होता टीव्हीतला. बातमी फुटली ती शेजारच्या दिग्विजयसिंहांच्या एका फोनमुळे. हे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मिशी अजून नोकरीत आहे. त्यांनी बायकोला कळवलं, "देर लगेगी, भाभीजी ऐटम बम वाली पिक्चर के चक्कर में अनशन पर बैठी हैं." बाईसाहेबांनी त्यातला पिक्चर गाळला आणि उरलेलं गल्लीत वाटून टाकलं.

विजयाबाई मूळच्या धारच्या. लग्न होऊन सुर्व्यांच्या घरात आल्या. सुर्व्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत घोड्यावर होते. महिपतराव स्कूटरवर आहेत, आणि तीही उतारावर बंद करून चालवतात. टोपी बाजारात नवरा-बायकोचं दुकान आहे, लग्नाच्या पगड्यांचं. महिपतराव कापड फाडतात, विजयाबाई पगडी बांधतात आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याचं सगळं खातंही त्यांच्याकडेच. महिपतरावांच्या तोंडून दिवसभरात निघतं ते "हं". कापड छान आहे, हं. भाव जास्त आहे, हं. त्यांचे वडील गेले तेव्हाही आलेल्या माणसांना त्यांनी "हं" म्हणूनच बसवलं होतं.

विजयाबाईंचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर अर्ध्यावर काही सोडायचं नाही. एकदा बाड्यावरून कंपू भागात निघाल्या होत्या. चुकीच्या टेंपोत बसल्या आणि शेजारच्या बाईशी खिडकीवरून जुंपली. चूक लक्षात आल्यावर उतरता आलं असतं. पण भांडण रंगात आलं होतं. ते पुरं करूनच उतरल्या, थेट मुरारला. उतरताना त्या बाईचं माहेर, सासर, गुडघेदुखी सगळं समजलेलं होतं आणि दोघींनी एकमेकींना घरी बोलावलं होतं.

तर तो सोमवार. पंधरा ऑगस्टची सुट्टी नेमकी सोमवारी आलेली. दिग्विजयसिंह आले ते हेच विचारत, "भाभीजी, सावन तो राखी को निपट गया. अब कैसा व्रत?"

"तुमचा निपटला, सुभेदारसाहेब. आमचा आत्ता भर रंगात आहे."

"भगवान तो एक ही हैं!"

"म्हणून तर. त्यांना तुमच्याकडून सुट्टी मिळाली की ते आमच्याकडे येतात."

संध्याकाळी उपास सुटायचा होता. स्वयंपाक तयार होता: पुरणपोळी, अळूवड्या, कढी, साधं वरण. सुभेदारांना आणि पलीकडच्या यशोधनला जेवायचं बोलावणं होतं. यशोधन कॉलेजात शिकवतो आणि चित्रपट या विषयावर न विचारता बोलतो. समरजीतनं, म्हणजे विजयाबाईंच्या भोपाळच्या मुलानं, आईला भिंतभर टीव्ही पाठवलेला असल्यामुळे यशोधनची पावलं हल्ली सुर्व्यांकडे जरा जास्तच वळतात. त्या दिवशी तो एक पिक्चर घेऊन आला होता. हिंदीत डब केलेला, अणुयुद्धाचा, सगळं जग ज्याबद्दल बोलतंय असा.

सोमवारची कहाणी दर वेळी गल्लीतल्या उषाताई येऊन वाचायच्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला इंदूरला गेलेल्या. सुट्टीला भोपाळहून आलेली सून रुचिका म्हणाली, "आई, नो टेन्शन. यांचा पिक्चर खतम झाला की मी टीव्हीवरच कहाणी लावते. यूट्यूबवर है ना."

विजयाबाई हातपाय धुऊन, उजव्या मुठीत अक्षता घेऊन कहाणीच्या तयारीनं येऊन बसल्या. पिक्चर संपायला थोडाच वेळ असेल असं त्यांना वाटलं. तो नुकता सुरू झाला होता.

आणि हीच ती चूक. दुसरी कोणी असती तर अक्षता वाटीत ठेवून निवांत पिक्चर बघती. पण सुर्व्यांच्या घरात सासूबाईंनी घालून दिलेला नियम असा, की मुठीत अक्षता असताना कानावर पडेल ती कहाणी, आणि कहाणी पुरी झाल्याशिवाय मूठ उघडायची नाही. मूठ उघडायची ती देवापुढे, मगच पान घ्यायचं. आणि सोमवारी विजयाबाईंच्या आधी घरात कोणी घास घ्यायचा नाही.

पिक्चरमध्ये डोंगराखाली एक खोली होती. खोलीत खूप दिवे आणि एक अधिकारी बाई. ती सकाळी पोराला डबा देऊन शाळेत पाठवून आलेली. एक म्हातारा जनरल, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहून गेलेला. कुठून तरी एक क्षेपणास्त्र सुटलं. कोणी सोडलं, कळेना. उलट मारा करायचा की थांबायचं? विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, त्याला आधी गोळी द्या ना कोणीतरी," त्या जनरलसाठी कळवळून म्हणाल्या. शेवटी राष्ट्राध्यक्षानं शत्रूच्या प्रमुखाला थेट फोन लावला. घंटी वाजली. वाजत राहिली. पलीकडून कोणीतरी फोन उचलला, श्वास ऐकू आला...

आणि पडदा काळा.

महिपतरावांनी बुडाखाली रिमोट आलाय का ते चाचपलं. रुचिका वायफायच्या डब्याकडे धावली. दिग्विजयसिंह म्हणाले, "लाइट गई क्या?" वर पंखा गरागरा फिरत होता. काळ्या पडद्यावर नावं सरकू लागली तेव्हा एकटा यशोधन टाळ्या वाजवत होता.

"वा! काय संपवलाय!"

"संपवलाय?" विजयाबाई म्हणाल्या. "फोन कोणी उचलला?"

"तेच तर काकू! ते सांगितलेलंच नाही. प्रश्न प्रेक्षकांवर सोडलाय."

"माझ्यावर? मी काय केलंय त्यांचं?"

रुचिकानं घाईघाईनं महादेवाची कहाणी शोधली. विजयाबाईंनी डावा हात वर केला. उजवा मिटलेलाच होता.

"थांब. एक अर्धी मुठीत असताना दुसरी कशी ऐकू?"

"आई, वो तो पिक्चर था!"

"माणसं होती, संकट होतं, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. कहाणी म्हणजे वेगळं काय असतं गं?"

स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. विजयाबाईंच्या पोटात सकाळपासून चहा आणि एक केळं. लग्न झाल्यापासून त्यांचा एकही सोमवार मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, दुकानाला आग लागली तेव्हाही नाही. आज हा मोडणार, तोही कुठल्याशा परक्या राष्ट्राध्यक्षापायी, या कल्पनेनं त्यांचे डोळे भरून आले. मुठीतले तांदूळ घामानं चिकट झाले होते.

"बरं, मी पुरी करतो," यशोधन म्हणाला. भुकेनं त्याच्यातला समीक्षक मवाळ झाला होता. "शत्रूनं फोन उचलला, युद्ध टळलं. संपलं."

"आणि त्या बाईचं पोर?"

"कुठलं पोर?"

"डबा घेऊन शाळेत गेलेलं. ते घरी आलं का? जनरलनं गोळी घेतली का? तू बघत काय होतास रे मग?"

दिग्विजयसिंहांनी मिशीला पीळ दिला. "देखिए भाभीजी, हमारे हिसाब से जवाबी हमला हुआ. दोनों तरफ सब साफ."

"म्हणजे सगळे मेले?"

"जी."

"मग फळ कोणाला मिळालं? कहाणी ऐकून कोणाचं तरी भलं व्हायला नको?"

रुचिका चिडून म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा ना मग शेवट!"

"सांगणारीला ऐकल्याचं पुण्य नाही. ऐकायलाच हवी."

अळूवड्या गार होत होत्या. याच सुमारास सुभेदारांनी तो बायकोला फोन केला. आणि मग कोपऱ्यातून कोणीतरी खाकरलं.

"ऐका," महिपतराव म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या. त्यांना वाटलं एवढ्यावरच थांबतील. पण महिपतरावांनी मांडी बदलली.

"आटपाट नगर होतं. त्या नगरात फोन वाजला. तो उचलला त्या प्रमुखाच्या बायकोनं. इकडचा राष्ट्राध्यक्ष म्हणाला, साहेबांना द्या, जग बुडतंय. ती म्हणाली, ते आत्ताच जेवायला बसलेत, पानावरून उठवणार नाही. काय निरोप असेल तो मला सांगा."

विजयाबाई सरसावून बसल्या. "बरोबर बोलली. पुढे?"

"हा म्हणाला, तुमचा बॉम्ब आमच्याकडे येतोय. तिनं आत ओरडून विचारलं, अहो, तुम्ही बॉम्ब सोडलात का? तो म्हणाला, छे गं, मी तर आत्ता कुठे भात कालवतोय. मग चौकशी झाली. खालच्या कोणा कारकुनानं भलताच खटका दाबला होता. प्रमुखानं उष्ट्या हातानं त्याला बोलावून घेतलं, वाट्टेल ते बोलला, आणि बॉम्ब वरच्यावर फोडायला लावला."

"तुकडे कुठे पडले?" विजयाबाईंनी विचारलं.

महिपतराव अडले. इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती. दिग्विजयसिंह मदतीला धावले. "चंबल के बीहड़ में, भाभीजी! वहाँ कोई नहीं रहता."

"डाकू राहतात ना."

"सब सरेंडर कर चुके."

"मग ठीक आहे. आणि पोर?"

"पोर," महिपतराव म्हणाले, "संध्याकाळी घरी आलं. डबा रिकामा होता. आई दारात उभी होती. आणि जनरलला त्या बाईनं आपल्या हातानं गोळी दिली, पाण्याच्या गडूसकट."

"आणि फळ?"

महिपतरावांनी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा उपासानं उतरला होता आणि डोळे लहान मुलीसारखे मोठे झाले होते. "जशी त्यांची घरं पुन्हा भरली," ते सावकाश म्हणाले, "तशी आपली भरलेली राहोत. झाली कहाणी."

विजयाबाई उठल्या. देवापुढे गेल्या आणि मूठ उघडली. तांदूळ तळहाताला इतके चिकटले होते, की एकेक दाणा सोडवून महादेवावर वाहावा लागला. नमस्कार करून वळल्या तेव्हा गाल ओले होते आणि ओठांवर हसू मावत नव्हतं.

"अहो, एवढं बोलता येत होतं तर इतकी वर्षं का नाही बोललात?"

"हं," महिपतराव म्हणाले.

मग जी पंगत बसली ती विचारू नका. रुचिकानं पोळीवर तुपाची धार धरली ती कोणी थांब म्हणेपर्यंत, आणि कोणी म्हणेना. सुभेदारांनी अळूवड्यांवर असा हल्ला चढवला की पलीकडच्या ताटाला सावरायची संधी मिळाली नाही. कढीचं पातेलं दुसऱ्यांदा चुलीवर चढलं. महिपतरावांना प्रत्येकजण "पुढे काय झालं हो?" म्हणून चिडवत होता, आणि ते प्रत्येकाला "हं" म्हणत होते, पण तो "हं" जरा ऐटीतला होता. विजयाबाईंनी त्यांच्या पानात न विचारता चौथी पुरणपोळी घातली.

यशोधनला मात्र राहवेना. तृप्त पोटानंही माणसाचा स्वभाव जात नाही. बोट चाटत तो म्हणाला, "काकू, एक सांगू? याचा दुसरा भाग येतोय म्हणे पुढच्या वर्षी. त्यात कळेल फोन कोणी उचलला ते. तुमचा शेवट चुकीचा निघाला तर?"

विजयाबाईंनी कढीचा भुरका पुरा केला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "येऊ दे की. मंगळवारी लाव."