मामाची खूण आणि बुडवलेली युद्धनौका

माझ्या मामाच्या नावावर इंचभर जमीन नव्हती.
तरी त्याने एका युद्धनौकेला जागा दिली.

आज मामाला जाऊन वर्ष झालं.

मुरुडच्या कोळीवाड्यात प्रत्येक जुन्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, समुद्रात एक गुपित जागा असते. पाण्याखाली खडक, खडकापाशी मासा. ती जागा लक्षात ठेवायची ती किनाऱ्यावरच्या खुणांवरून.
मामाची खूण त्याच्या बापाने दिलेली. होडीतून बघताना किल्ल्याच्या बुरुजावर डोंगरातली खिंड बसली पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला मिनाराला वडाचं झाड टेकलं पाहिजे. दोन्ही जुळलं की गरी, म्हणजे गळ, टाकायची.
वड वादळात पडला तेव्हा मामा दोन दिवस धड जेवला नाही. मग त्याने वडाशेजारची पाण्याची टाकी धरली.

ही खूण सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. मामाने मला सांगितली, कारण त्याला मूल नव्हतं आणि मला पोहता येत होतं. एवढंच क्वालिफिकेशन.

आणि मी काय केलं?
डायव्हिंगचा कोर्स करून नवीनच आले होते, अंगात शहाणपणा मावत नव्हता. एकदा होडीत बसल्या बसल्या मोबाईलवर ते लोकेशन सेव्ह केलं. वर दात काढून म्हणाले, "मामा, आता तू खूण विसरलास तरी चालेल."

मामाने गरी न टाकताच होडी वळवली.

मी घरी पोचायच्या आत ते डिलीट केलं. त्याला तसं सांगितलंही. पण नाही म्हणजे नाही. भाऊबीजेला आमच्याकडे आला, आईने ओवाळलं, करंजी खाल्ली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सात महिने अबोला. असला खडूस माणूस.

मग ती युद्धनौकेची बातमी आली.
नौकेची नोकरी संपलेली. ती साफ करून आपल्या समुद्रात बुडवायची, म्हणजे तिच्यावर शिंपले धरतील, मासा येईल, डायव्हिंगला पर्यटक येतील. सर्व्हेवाल्यांनी जी जागा निवडली, तिथेच सगळ्या गावाची जाळी लागतात. लोखंडात जाळं अडकलं की संपलंच.
मीटिंगला अख्खा कोळीवाडा. सर्व्हेचे साहेब म्हणाले, दुसरी जागा दाखवा. तळ सपाट हवा, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ हवं आणि तिथे कुणाचं जाळं नको. नाहीतर हीच फायनल.

मला अशी जागा माहीत होती.
मामाच्या खडकाच्या पलीकडची वाळू. खाडीचा गाळ तिथवर पोचत नाही, थंडीत तळ दिसतो. आणि खडकाच्या भीतीने तिकडे कुणी जाळं टाकत नाही.

मी डायव्हर म्हणून साहेबांच्याच शेजारी बसले होते. एक वाक्य बोलले असते तर गावाची जाळी वाचली असती.
मी खाली मान घालून बसले. खरं सांगते, रडू येत होतं.

तेवढ्यात मागून मामा उठला.
"माझ्याकडं जागा हाय," म्हणाला. मग माझ्याकडे बोट. "ही माझी भाची. हिला ठाव हाय."

सात महिन्यांनी माझ्याबद्दल काढलेला पहिला शब्द.

मी कशीबशी म्हणाले, "मामा, मी ते डिलीट केलं होतं."
"म्हाईत हाय. आता बी तू तोंड उघडलं न्हाईस. म्हनून तर सांगतोय. चल, साहेबांना दाखवू."

नौका बुडवायच्या आधी मामा तिच्यावर चढला. खिशातला पांढरा रुमाल काढून इंजिनरूमच्या कानाकोपऱ्यात फिरवला, आणि तेलाने काळा झालेला तो रुमाल साहेबांच्या टेबलावर ठेवून शांतपणे खाली उतरला. परत साफसफाई झाली. परत रुमाल. तिसऱ्या वेळी तो पांढराच राहिला, तेव्हा कुठे स्वारी खूश.

पहिल्या वर्षी मासा आला नाही. लोक तोंडावर म्हणाले, म्हाताऱ्याने घरातली जागा पण घालवली. मामा होडीत बसून माझी वाट बघायचा. माझं डोकं पाण्यावर आलं की होडीतून विचारायचा, "आलं का कोन?"
मी म्हणायचे, शिंपले धरलेत. छोटी पिल्लं आहेत.
"मग येतील."

दुसऱ्या थंडीत मी खाली गेले तर नौकेच्या केबिनमध्ये तांब मासे. थवेच्या थवे, खिडक्यांतून आत-बाहेर. खालच्या दारात हा एवढा हेकरू मासा, वॉचमनसारखा.
मी व्हिडिओ काढला. वर येऊन मामाच्या हातात मोबाईल दिला. ज्याच्यावरून अबोला झाला होता, तोच.
मामाने तीनदा बघितला. मग लुंगीने डोळे पुसले.
"चाळीस वर्सं ही जागा वरनं बघितली गं. आज आतनं बघितली."

त्यानंतर दोन महिन्यांत तो गेला.

आज सकाळी त्याचीच होडी घेऊन गेले. मोबाईल मामीकडे ठेवला. बुरुजावर खिंड बसवली, मिनाराला टाकी टेकवली.
पोचले तर आधीच सात-आठ होड्या गरी टाकून बसलेल्या. मला बघून सगळ्यांनी गऱ्या वर घेतल्या. मी नारळ सोडेपर्यंत कुणी परत टाकली नाही. यातलेच दोघे त्याने जागा घालवली म्हणाले होते.
परतताना त्यांनी मामीसाठी एक तांब माझ्या होडीत टाकली.

मामा, गावाची जाळी शाबूत आहेत. माझ्या डायव्हिंगवर घर चालतंय. तू दिलंस म्हणून.
आणि खूण बरोबर लागली. पहिल्या फटक्यात.

पाया पडते रे. सुखात राहा.